अडतीस किलोचं शून्य

१

शून्य हलत होतं.

सकाळचे अकरा वाजले होते. दुकानात मी एकटी. नव्या काट्याची वायर प्लगमध्ये घातली, तीन सेकंद थांबले, आणि छोट्या पडद्यावर ०.० उमटलं. मग ०.१. परत ०.०. मग उणे ०.१. एका लयीत वर-खाली, वर-खाली. मी म्हटलं, नॉइज आहे. बी.एस्सी. इलेक्ट्रॉनिक्स केलेल्या मुलीला हा शब्द फार उपयोगी पडतो. ज्याचं कारण सापडत नाही ते सगळं त्यात घालता येतं.

पण रिकाम्या काट्याचं शून्य कसं असतं हे मला कॉलेजच्या कितीतरी आधीपासून माहीत आहे. आमच्या घरात तीन पिढ्या वजनकाटे दुरुस्त करतात. नंदुरबारात मिरची बाजाराजवळ ‘हबीब काटेवाले’ विचारलं की रिक्षावाला थेट दारात आणून सोडतो. अब्बा सांगायचे, मेलेलं वजन गप्प बसतं, जिवंत वजन बसत नाही. मिरचीचं पोतं ठेवलं की आकडा थांबतो. बकरी उभी केली की डोलत राहतो, कारण बकरी श्वास घेते.

रिकाम्या काट्याचं शून्य पोत्याहून गप्प असतं. हे डोलत होतं.

मी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला पंधरा वेळा.

२

आमचं दुकान म्हणजे मार्केट यार्डाच्या रस्त्यावरची एक लांबट खोली. पुढचा अर्धा भाग अब्बांचा: तराजूच्या दांड्या, लोखंडी वजनं, तेलाचा वास. मागचा माझा: एक टेबल, एक खुर्ची आणि प्लास्टिकच्या दीडशे डब्या. हौसेने रोबोट बनवणाऱ्यांना जे जे लागतं ते त्यांत असतं. अंतर मोजणारे सेन्सर, रंग ओळखणारे, मातीतली ओल सांगणारे, मोटर, चाकं. सुरतेहून नवा माल आला की प्रत्येक मॉड्यूल मी आधी स्वतः चालवून बघते, मग ग्रुपवर फोटो आणि दोन ओळी टाकते. शहाद्याची, लोणखेड्याची कॉलेजची मुलं त्या दोन ओळींवर माल मागवतात.

त्या महिन्यात लोडसेल आले होते. बोटाएवढ्या धातूच्या पट्ट्या. भार पडला की किंचित वाकतात, आणि ते वाकणं एक हिरवं मॉड्यूल आकड्यात सांगतं. चार कोपऱ्यांत चार लावले, वर दोन फुटी लोखंडी पत्रा, त्यावर काळं रबर. आकडा पडद्यावर दिसतो आणि वाय-फायवरून माझ्या फोनवरही, मी कुठंही असले तरी. दुकानात येणाऱ्यांना दाखवायला म्हणून मी तो माझ्या खुर्चीच्या मागे, भिंतीला लागून ठेवला.

अब्बांच्या दोन सवयी इथेच सांगते.

एक. कोणताही काटा शून्य करायच्या आधी ते पत्र्यावरून तळहात फिरवतात, दोनदा ठोकतात आणि म्हणतात, “उतरो भाई.” मगच शून्य. बाजारातली पोरं काट्यावर बसतात, त्यांच्यासाठी असेल, असं मला लहानपणी वाटायचं. पण शटर अर्धं खाली असताना, आत आम्ही दोघंच असतानाही ते म्हणत. एकदा विचारलं तर म्हणाले, आदत है. दादाही, म्हणजे माझे आजोबाही, म्हणायचे.

दुसरी. मोठा काटा दुरुस्त झाला की शेवटी ते स्वतः त्यावर चढतात. वीस वर्षं त्यांचं वजन एकसष्ट किलो आहे, ना पाव वर ना पाव खाली, आणि त्याचा त्यांना भारी अभिमान. बाजारात त्यांना ‘एकसष्टचं माप’ म्हणतात. ते चढले की आकडा जरा जलद डोलतो, मिनिटाला बावीस वेळा. जन्मभर मिरचीची धूळ खाल्लेली छाती आहे.

माझा काटा मात्र वीज मिळताच आपला आपण शून्य होतो. प्रोग्राममध्ये मीच तसं लिहिलं. तीन सेकंद. अब्बांना नुसता हात फिरवायलाच पाच लागतात. पहिल्यांदा चालू करून दाखवला तेव्हा ते पत्र्याकडे बघत राहिले.

“तूने बोला नहीं,” म्हणाले.

मी हसले. मशीनला काय सांगायचं, अब्बा?

“मशीन को कौन बोलता है,” म्हणाले, आणि चहाला निघून गेले.

३

त्याच दुपारी फोन थरथरला. आकडा पाच किलोंहून जास्त बदलला तर कळवायचं, असं मी त्याला सांगून ठेवलं होतं. मी दचकणारी मुलगी आहे. कुकरची शिट्टी होणार हे माहीत असूनही दचकते. त्यामुळे आधी दचकले आणि मग वाचलं.

उणे ३८.०.

उणे म्हणजे काय, हे काटेवाल्याच्या मुलीला सांगावं लागत नाही. पातेल्यासकट काटा शून्य केला आणि मग पातेलं उचललं, तर पातेल्याचं वजन उणे दिसतं. शून्य करताना जे वर होतं ते उतरलं, एवढाच त्याचा अर्थ.

सकाळी मी शून्य केलं तेव्हा पत्र्यावर काही नव्हतं.

मी खुर्ची वळवली. पत्रा रिकामा. पडद्यावर उणे अडतीस, आणि आकडा अगदी गप्प. पंखा बंद होता. मिरचीच्या दिवसांत आमच्याकडे पंखा लावत नाहीत, धूळ उडते. मागच्या खिडकीतून पथाऱ्या दिसत होत्या, पार कुंपणापर्यंत वाळत घातलेली लाल मिरची, आणि त्यात देठ खुडत बसलेल्या बाया. कोणीतरी खोकत होतं. सगळं रोजचं. मग माझ्या लक्षात आलं की मी पत्र्याकडे बघतच नाहीये. पत्र्यापासून माझ्या खुर्चीपर्यंत जी चार फरश्या आहेत, त्यांच्याकडे बघतेय.

तेवढ्यात शेजारचे रूपचंदशेठ आत आले. त्यांचं मिरचीचं दुकान आहे आणि दिवसातून दोनदा ते कोणाची तरी थट्टा केल्याशिवाय राहत नाहीत. पडदा बघून म्हणाले, “काय वं नईमा, तुना काटा हवा मोजी ऱ्हायना का?” असा काटा व्यापाऱ्याला विक, शेतकरी माल देऊन वर अडतीस किलो बांधून देईल, असं म्हणून ठसका लागेपर्यंत हसले. मीही हसले. ते गेल्यावर खोली एकदम लहान वाटायला लागली.

४

पुढचे पाच दिवस मी शहाण्यासारखी वागले. वायर बदलली. मॉड्यूल बदललं. चारही लोडसेल बदलले, पाकीट फोडून नवे घातले. काटा उचलून अब्बांच्या बाजूला नेला, परत आणला. दर वेळी तेच. चालू केला की शून्य, मिनिटाला पंधरा वेळा डोलणारं. काही मिनिटांनी उणे अडतीस. सदतीस नाही, एकोणचाळीस नाही.

मग माझ्या डब्यांतला बाकीचा माल काढला. अंतर मोजणारा सेन्सर पत्र्याकडे रोखला: समोर भिंत, बाकी काही नाही. उष्णता बघणारा लावला: काही नाही. याच खेपेला एक रडारचं मॉड्यूल आलं होतं, माणूस अजिबात न हलता बसला असला तरी छातीच्या हालचालीवरून त्याला पकडणारं. त्याने खोलीत एक माणूस दाखवला. मी श्वास रोखून धरला, तर एकही नाही. आणि त्याच वेळी काट्यावर शून्य शांतपणे डोलत होतं.

शेवटी अब्बांचं वीस किलोचं लोखंडी वजन पत्र्यावर ठेवलं. शून्य डोलत असताना ठेवलं तर वीस. उणे असताना ठेवलं तर उणे अठरा. दोन्ही बरोबर. काटा बिघडला असेल, या आशेवर मी पाच दिवस काढले होते. काटा बिघडलेला नव्हता.

त्याच संध्याकाळी मी त्याला चढताना पाहिलं. म्हणजे आकड्यात पाहिलं. उणे अडतीस होतं. मग उणे वीस, आणि जरासं थांबणं. मग उणे चार. मग शून्य. कोणी आधी एक पाय टेकवतं, भार पेलतोय का बघतं आणि मग दुसरा घेतं, तसं. घाई नव्हती. मी समोर उभी होते आणि पत्रा रिकामा होता.

त्यानंतर सगळी उलटापालट झाली. जन्मभर शून्य म्हणजे काही नाही, हे धरून मी मोठी झाले. आता शून्य दिसलं की ते बसलंय, आणि उणे दिसलं की ते उतरून खोलीत कुठंतरी आहे. यातलं बरं कोणतं, ते मला ठरवता येईना. माझी खुर्ची मात्र मी भिंतीला पाठ लावून ठेवली.

५

शुक्रवारी दुपारी अब्बा नमाजाला गेले. मी काट्याची वायर काढली आणि जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं ते करायला बसले.

पत्र्यावरून तळहात फिरवला. रबर गार होतं. मध्यभागी दोन जागी गार नव्हतं. मी हात काढला नाही, फिरवत राहिले, कारण अब्बा मध्येच थांबत नाहीत. दोनदा ठोकलं.

“उतरो भाई.”

माझा आवाज मलाच ऐकू आला नाही, म्हणून परत म्हटलं. दुसऱ्यांदा तो फाटला. मग प्लग घातला. तीन सेकंद.

०.०.

क्षणभर ते गप्प होतं. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरंच. आणि मग ते डोलायला लागलं. या वेळी पंधराच्या लयीत नव्हे. जलद, छोटं, तुटक. कोणी आवाज न करता हसतं तेव्हा छाती अशी हलते.

ते उतरलं नव्हतं. मी सांगितलेलं त्याने ऐकलं होतं आणि उतरलं नव्हतं.

सकाळपासून मागची खिडकी उघडी राहिली होती, आणि रबरावर पथारीवरची धूळ बसली होती, लाल, पिठासारखी. माझ्या तळव्याने ती सगळी पुसली गेली होती. पण मी बोलत असताना वरून नवी बसली होती, अगदी पातळ. दोन जागा सोडून. त्या जागा पावलांच्या नव्हत्या, टाचा नव्हत्याच. नुसते चवडे. उकिडवं, टाचा उचलून, पुढे झुकून बसणाऱ्याचे.

बोटं भिंतीकडे नव्हती. मी जिथं बसते तिकडे होती.

आकडा उणे झाला तशी मी बाहेर पळाले. चप्पल आतच राहिली. देठ खुडणाऱ्या बायांच्या मध्ये, भर उन्हात, मिरचीत उभी राहिले. नाका-डोळ्यांतून धार लागली होती आणि तिथं कोणालाही त्याचं नवल वाटलं नाही. तिथं सगळ्यांच्याच लागते.

अब्बा आल्यावर त्यांच्या मागोमाग आत गेले, प्लग उपटला, वायर गुंडाळली आणि काटा वरच्या फळीवर चढवला.

६

सोमवारी मला नवापूरला जायचं होतं. तिथं भाग्येश नावाच्या मुलाच्या घरची पोल्ट्री आहे. कोंबडी दांडीवर बसली की तिचं वजन फोनवर दिसावं, अशी दांडी त्याने माझ्याकडून करून घेतली होती आणि ती मीच बसवून द्यायची होती. दिवसभर दुकानात अब्बा एकटे.

त्यांना खरं सांगायला हवं होतं. रविवारी जेवताना दोनदा तोंड उघडलं. पण काय सांगणार होते? तुम्ही म्हणता ते खरं आहे? त्यांनी तर कधी काही म्हटलंच नव्हतं. आणि माझ्या मूर्खपणाची मला लाज वाटत होती. जे तीन पिढ्या म्हणत आल्या त्याच्या जागी मी तीन सेकंद बसवले होते.

“अब्बा, तो नवा काटा खाली काढू नका,” मी म्हटलं. “बिघडलाय. अडतीस किलो चुकतोय.”

त्यांनी घास ताटात ठेवला.

“हबीब की दुकान में? अडतीस किलो?”

मी म्हटलं, माझंच काहीतरी चुकलंय, मंगळवारी मी दुरुस्त करते. त्यांनी घास परत उचलला. मी समजले, विषय संपला. ज्या माणसाने चाळीस वर्षांत अर्ध्या पावाची चूक दुकानात रात्रभर राहू दिली नाही, त्याला मी सांगितलं होतं की तुझ्या फळीवर अडतीस किलोंची चूक पडली आहे, आणि तिला हात लावू नकोस. याहून सरळ बोलावणं मला पाठवता आलं नसतं.

७

नवापूरला पोचायला अकरा वाजले. पोल्ट्रीच्या शेडमध्ये इतका कलकलाट असतो की थोड्या वेळाने तो ऐकू येईनासा होतो. मी दांडी बसवली, एक कोंबडी लगेच चढून बसली, फोनवर एक पूर्णांक सात आलं. भाग्येश खूश झाला. त्याने माझा फोन हातात घेतला आणि म्हणाला, “ताई, तुमचा दुसरा काटा पण चालू झालाय बघा.”

बारा वाजून दहा मिनिटं. ०.०.

डोलणारं.

अब्बा पत्र्यावरून हात फिरवत असतील. दोनदा ठोकत असतील. उतरो भाई म्हणत असतील, त्यांच्या त्या ठाम आवाजात, ज्याचं सगळे ऐकतात. पण प्लग घातल्यापासून तीन सेकंद केव्हाच होऊन गेले होते. शून्य त्याच्यासकट धरलं गेलं होतं. माझ्या काट्याने त्यांना बोलायला वेळच ठेवला नव्हता.

उणे ३८.०. उतरलं.

मी त्याच्या हातातून फोन घेऊन अब्बांना लावला. रिंग जात राहिली. अब्बांचा फोन सदऱ्याच्या खिशात असतो आणि सदरा काम करताना खिळ्यावर असतो. परत लावला. रूपचंदशेठांना लावला, ती लिलावाची वेळ, बाजारात कोणी फोन उचलत नाही. परत अब्बांना. मला फक्त एक वाक्य सांगायचं होतं. ते मी पाठ करत होते: वायर काढा, बाहेर जा, मग काय ते बोला.

२३.०.

एकसष्टातून अडतीस गेले, तेवीस. अब्बा चढले होते. आकडा जलद डोलत होता, बावीसच्या लयीत, त्यांच्या खरखरत्या छातीच्या. मला हायसं वाटलं, किती विचित्र. पत्र्यावर ते एकटेच होते. पण मग दुसरं कुठं होतं?

उणे अडतीस. ते उतरले, एखादा स्क्रू पिळत असतील, अडतीस किलो शोधत असतील. परत तेवीस. या वेळी जास्त वेळ. हात मागे बांधून, मान खाली घालून, पडद्याकडे बघत ते कसे उभे राहतात ते मला दिसत होतं. पाठ कुठल्या बाजूला असते तेही दिसत होतं.

अकरावी रिंग. बारावी.

२३. मग ४१. जरासं थांबणं.

मी शेडमध्येच ओरडले, “अब्बा, उतरा!” कोंबड्या क्षणभर गप्प झाल्या.

५७.

६१.०.

भाग्येश माझ्या खांद्यावरून बघत होता. मागच्या वर्षी त्यांचा काटा दुरुस्त करून अब्बा त्यावरही चढले होते, म्हणून त्याला आकडा माहीत होता.

“झाला की दुरुस्त,” तो म्हणाला. “काका एकसष्टच ना?”

८

एकसष्ट. कोणीही बघितलं असतं तर हेच म्हणाला असता.

आकडा दोन लयींत डोलत होता. एक जलद, एक सावकाश, एकमेकींत अडकत. पत्रा दोन फुटी आहे. त्यावर दोघांना उभं राहायला जागा नाही, एकाने दुसऱ्याला धरल्याशिवाय.

रिंग जात होती. आकडा दिसावा म्हणून मी फोन स्पीकरवर टाकून डोळ्यांसमोर धरला होता. जलद लय तुटत गेली. मध्येच एकदा जोरात उसळली, बासष्ट, साठ, परत एकसष्ट. मग ती नव्हती. आकडा एकसष्टच राहिला आणि सावकाश डोलत राहिला, एकाच लयीत. मी मोजत होते. थांबवताच येईना. तेरा. चौदा. पंधरा.

फोन खिळ्यावरच्या सदऱ्यात होता, पत्र्यापासून आठ पावलांवर. पत्र्यावरून कोणी उतरलं नव्हतं. आकडा हलला नव्हता.

रिंग थांबली.

अब्बा फोन उचलून नेहमी “हां बेटा” म्हणतात. मी वाट पाहिली. पलीकडे खोली ऐकू येत होती, खिडकीबाहेर कोणाचा तरी ठसका, आणि फोनच्या अगदी जवळ, न खोकता, सावकाश, त्याच पंधराच्या लयीत घेतलेला श्वास.

“बोल,” तिकडून आवाज आला.